शहराच्या कडेनं घोड्यावरून: पहिल्या रपेटीआधी काय काय करावं

रिंगणात दीड वर्ष घोडा चालवल्यावर मला वाटलं, आता बाहेर पडायला हरकत नाही. हडपसरच्या पुढे, मांजरीच्या अंगाला, मुठा उजव्या कालव्याच्या कडेनं जाणारा मातीचा रस्ता मला स्कूटरवरून पाठ होता. पहिल्याच दिवशी, तबेल्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, कुंपणाच्या तारेला अडकलेली युरियाची पांढरी गोणी वाऱ्यानं फडफडली. माझ्याखालची घोडी, चंद्री, एका उडीत रस्त्याच्या पलीकडे गेली, मी अलीकडेच राहिले. बरं, सुखासुखी राहिले असंही नाही. वाग, म्हणजे लगामाला जोडलेला हातातला पट्टा, बोटांभोवती गुंडाळून घेतली होती, त्यामुळे आधी हात ओढला गेला आणि मग मी पडले. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर.

स्कूटरवरून पाठ असलेला रस्ता घोड्यावरून पाठ नसतो, हे मला तेव्हा कळलं. पुढचं सगळं त्यातून शिकलेलं आहे. उदाहरणं पुण्याच्या पूर्वेची असली तरी नाशिक, कोल्हापूर, नागपूर, कुठल्याही वाढत्या शहराच्या कडेला अडथळे साधारण हेच.

तबेल्यातली भाषा खिचडी असते. खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याला प्रशिक्षक गर्थ म्हणतात, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा तंग म्हणतात, दोघांचं म्हणणं एकच असतं. मी मामांचे शब्द वापरते आहे.

## १. आधी स्वतःची परीक्षा घ्या

“माथेरानला घोड्यावर बसलोय की” म्हणणारे दर महिन्याला दोघंतिघं तरी येतात. माथेरानला मोटारींना बंदी आहे, म्हणून तिथे घोडे. तो घोडा घोडेवाल्याच्या मागे रोजची वाट चालत असतो आणि आपण त्याच्या पाठीवरचं सामान असतो. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवरही तेच.

बाहेर पडण्याआधी रिंगणात एवढं बिनचूक जमलं पाहिजे:

- वाग न खेचता, नुसतं अंग जड करून आणि श्वास सोडून चालता घोडा थांबवणं.
- दुडकी चालताना रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, निसटलेला पाय खाली न बघता परत घालणं.
- घोड्याला चार पावलं मागे आणि दोन पावलं बाजूला सरकवणं.
- एकाच बाजूची वाग हळूहळू जवळ घेऊन त्याला लहान वर्तुळात आणणं आणि उभं करणं.
- डावीकडून उतरणं, आणि उजवीकडूनही.

शेवटचं बहुतेक जण कधीच करून बघत नाहीत. डावीकडे कालवा असेल तर उतरणार कुठे?

आणि वजन. घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं त्याच्या पाठीवर नको, आणि त्यात खोगीरही धरायचं. ३५० किलोचं आपल्याकडचं मध्यम जनावर म्हणजे ७० किलो. खोगीर आणि बाकी सामानाचे दहा गेले की तुमच्या वाट्याला ६० उरतात. मला हे गणित कळल्यावर मी चंद्रीची माफी मागितली आणि भात कमी केला.

## २. घोडा निवडताना देखणेपणाला भुलू नका

तबेल्यातलं सगळ्यात कंटाळलेलं जनावर मागा. कुत्रं आलं, टेम्पो आला, आकाश कोसळलं तरी एक कान हलवून पुन्हा गवताकडे वळणारं.

पुण्यात रेसकोर्स असल्यामुळे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड रायडिंग क्लबांत येतात. चांगले असतात, पण एक गोम आहे. शर्यतीत वाग ताणली की तिच्यावर भार देऊन पळायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. घाबरलेला नवशिका काय करतो? वाग ताणतो. पुढचं सांगायला नको.

लग्नातली घोडी बँडला आणि फटाक्यांना बुजत नाही, म्हणून लोकांना ती सोयीची वाटते. पण तिच्या पुढे आयुष्यभर कुणीतरी हातात लगाम धरून चालत आलेलं असतं. एकटीनं वाट काढ म्हटलं की ती जागच्या जागी खिळते. काटेरी लगाम कायद्यानं बंद असूनही काहींनी तो सोसलेला असतो, त्यामुळे तोंडही राठ झालेलं असतं.

तिसरा सापळा जत्रेतला. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून किंवा अकलूजच्या बाजारातून काहीजण नाचणारी घोडी हौसेनं आणतात. तिला शिकवलेलं असतं, की वाग आवळली आणि टाच लागली की पुढचे पाय उचलायचे. जत्रेत टाळ्या मिळतात. मागून डंपर येत असताना हाच नाच झाला तर?

घोडा कुणाचा का असेना, तबेल्यात चार प्रश्न विचारा. हा शेवटचा बाहेर कधी गेला? एकटा जातो की जोडीदार लागतो? कशाला बुजतो? नाल कधी मारली? चौथ्याचं उत्तर दोन महिन्यांपूर्वी असं आलं तर आधी नालबंदाला बोलवायला सांगा. सहा ते आठ आठवड्यांत नाल नव्यानं बसवावी लागते. “कशालाच बुजत नाही” असं उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

पहिल्या दहा खेपा तरी एका अनुभवी घोड्याच्या सोबतीनंच काढा. घोडा कळपातला प्राणी आहे. पुढचा शांत चालला की मागच्याला धीर येतो.

## ३. कागदपत्रं आणि सामान

कागद फार नाहीत, पण ऐनवेळी शोधायला लागू नयेत:

- तबेल्याचा अर्ज आणि हमीपत्र. सही करण्याआधी वाचा. घोडा तबेल्याबाहेर असताना जबाबदारी कुणाची, हे त्यात कुठेतरी बारीक अक्षरात असतं.
- ओळखपत्राची प्रत, रक्तगट, घरच्या दोघांचे फोन नंबर.
- तुमच्या आरोग्य विम्याची पॉलिसी. साहसी खेळांबद्दलचं कलम नीट बघा.
- तुमच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख. तबेला म्हटलं की माती, शेण आणि खिळे आलेच.
- घोड्याच्या लसीकरणाची नोंद आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला. ग्लँडर्स हा आजार घोड्याकडून माणसाला होऊ शकतो, म्हणून हा कागद मागायला लाजू नका.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करून माणसांना धोका पोचवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लंगड्या किंवा जखमी घोड्यावर बसणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. “मोतद्दारानं दिला म्हणून बसलो” हे उत्तर चालत नाही.

सामानात हेल्मेट पहिलं, आणि ते घोडेस्वारीचंच. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं, मानेला झटका बसतो आणि बाजूचं दिसत नाही. सायकलचं हेल्मेट मागच्या बाजूनं डोकं पुरेसं झाकत नाही. आत एएसटीएम एफ ११६३ किंवा व्हीजी १ असं सुरक्षा मानक लिहिलेलं बघून घ्या. एकदा जोरात आपटलं की ते बाद, बाहेरून कितीही नवं दिसो.

बुटाला अर्धा-पाऊण इंच टाच हवी, तळवा गुळगुळीत हवा. सपाट कॅनव्हासचा बूट रिकिबीतून आरपार जातो आणि पडल्यावर पाय अडकतो. घोडेस्वारीतला सगळ्यात वाईट अपघात तोच, फरफटत जाण्याचा. ओढणी, स्टोल, लांब कुर्ता नको.

फोन अंगावर ठेवा, खोगिराच्या पिशवीत नको. तुम्ही पडलात आणि घोडा घरी गेला तर फोनही घरी जाईल. नंबर तीन: १०८ रुग्णवाहिकेचा, ११२ पोलिसांचा आणि १९६२ जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा. शिवाय खूर साफ करायचं आकडं, दोन मीटर दोरी, एक छोटी कात्री आणि पाण्याची बाटली. कात्री मांजासाठी. नायलॉनच्या मांजावर बंदी असली तरी जानेवारीत तो झाडाझाडांवर लोंबतो.

## ४. रस्ता आधी पायी चाला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी आता कुठलाही नवा रस्ता तीन वेळा करते. एकदा एकटी पायी, एकदा घोडा हातात धरून पायी, आणि मग वर बसून. लोक हसतात. हसू द्या.

पायी जाताना हातात एक बांबू घ्या आणि त्यावर अडीच मीटरवर रंगीत चिकटपट्टी लावा. मध्यम उंचीच्या घोड्यावर बसल्यावर तुमचं डोकं साधारण तिथे असतं. मग दिसायला लागतं, की केबलवाल्यानं दोन खांबांमध्ये टाकलेली वायर नेमकी गळ्याच्या उंचीवर आहे, वाढदिवसाच्या फ्लेक्सची दोरी कपाळाच्या रेषेत आहे आणि बाभळीची फांदी डोळ्यांत जाणार आहे. चालताना किंवा स्कूटरवर ही उंची आपल्या खिजगणतीतच नसते.

मग खाली बघा. फुटलेल्या बाटल्या, गंजलेल्या तारा, गाजरगवतात लपलेले खड्डे, गटाराची लोखंडी झाकणं. सोसायटीच्या दारातले पेव्हर ब्लॉक कोरडे असतानाही लोखंडी नालेखाली घसरतात, ओले असले तर काच बरी. काळ्या मातीचा पट्टा कुठे सुरू होतो ते पाहून ठेवा. उन्हाळ्यात तिथे भेगा पडतात, पावसात तीच माती पाय धरून ठेवते, आणि ओढून काढताना नालही निघते किंवा पायाची शीर दुखावते.

विजेच्या खांबांजवळ साचलेल्या पाण्यातून पावसाळ्यात अजिबात जाऊ नका. आपण रबरी तळव्याचे, घोडा चार लोखंडी नाला घातलेला. मोकाट गुरं अशा पाण्यात करंट लागून मरतात.

कालव्याकडेचा रस्ता जलसंपदा खात्याचा असतो. फाटक आणि पाटी असेल तर चौकीदाराला भेटून विचारा. शेताच्या बांधावरून जायचं असेल तर मालकाला विचारा, नुसता हात हलवून चालत नाही. मांजरीकडच्या एका काकांनी आम्हाला त्यांच्या पडीक रानातून वाट दिली. अट एकच होती, दर रविवारी त्यांच्या नातवाला घोड्याला गाजर भरवू द्यायचं. इतका स्वस्त टोल मी कुठे भरलेला नाही.

वेळही पायी चालूनच ठरवा. शाळेच्या व्हॅनची वेळ, कचऱ्याच्या गाडीची वेळ, भटकी कुत्री कोणत्या कोपऱ्यावर जमतात. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत परत यायचं, हा आमच्या तबेल्याचा नियम. लग्नसराईत संध्याकाळ नको. गणपती विसर्जन, दिवाळी आणि थर्टीफर्स्टला घोडा तबेल्यातच राहू दे.

## ५. अडथळे घरीच मांडा

रस्त्यावर जे भेटणार ते आधी ओळखीचं करून द्यायचं. त्यासाठी घोड्याला जग कसं दिसतं ते थोडं समजून घ्या. डोळे बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. “साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये” ही म्हण निम्मी तरी डोळ्यांच्या रचनेवर बेतलेली आहे. पायाशी काय आहे ते पाहायला त्याला मान खाली घालावी लागते. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून रेल्वेखालच्या बोगद्यासमोर तो थांबतो तेव्हा हट्ट करत नसतो, त्याला खरंच दिसत नसतं.

रिंगणात मांडायला काय लागतं? निळी ताडपत्री, चार बांबू, एक उघडझाप होणारी छत्री, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरलेली गोणी, प्लायवूडचा जाड तुकडा, आणि फोनवर ट्रॅक्टर, हॉर्न, बँड यांचे आवाज. आवाज आधी हळू, घोडा चंदी म्हणजे दाणा खाताना लावायचे.

चंद्रीला लोखंडी झाकणाची भीती होती. पायाखाली पोकळ वाजतं ते तिला सहन होत नसे. आम्ही प्लायवूड वाळूवर ठेवलं आणि मी दोरी ढिली सोडून नुसती उभी राहिले. ती आधी दहा फुटांवर फुरफुरली. मग मान लांब करून नाकपुड्या फुगवून वास घेतला. एक पाय टेकवला, ठक्क आवाज झाला, उडी मारून मागे. मी काहीच केलं नाही, दोरी खेचली नाही, चुचकारलंही नाही. पाच मिनिटांनी पुन्हा आली. दुसऱ्यांदा पाय ठेवल्यावर तिनं मोठा सुस्कारा टाकला आणि ओठ चाटले. मामा म्हणाले, “झालं. आज बंद करा ताई. अजून एकदा करायला गेलात की बिघडवाल.” मला अजून एकदा करायचंच होतं. तरी थांबले. दुसऱ्या दिवशी ती दोन खेपांत पार झाली आणि चौथ्या दिवशी प्लायवूडवर उभी राहून लघवी केली, म्हणजे विषय संपला.

सापळा असा, की लोक घोड्याला अडथळ्याशी नेऊन मागून चाबूक दाखवतात. पुढे भीती आणि मागे मार. तो एकदा पार होतो, पण पुढच्या वेळी झाकण दिसलं की मार आठवतो.

## ६. निघण्याआधीची दहा मिनिटं

खरारा करताना, म्हणजे अंग घासून साफ करताना, पाठीवर आणि तंगाच्या जागी हात दाबून फिरवा. गरम किंवा सुजलेलं लागलं, त्यानं कातडी थरथरवली, तर आज बसायचं नाही. पाठ लागलेला घोडा महिनाभर बसतो. चारही खूर उचला, खडे काढा, नाल हलते का बघा. पावसाळ्यात खोगिराखालचा नमदा वाळलेला आहे ना ते पाहा.

तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवतात. तबेल्यात घट्ट वाटलेला तंग पाच मिनिटं चालल्यावर दोन भोकं ढिला होतो आणि वळणावर तुम्ही खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली जाता. म्हणून बसण्याआधी एकदा आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. तबेल्यात कुणालातरी रस्ता आणि परतायची वेळ सांगा. फळ्यावर लिहिलं तर उत्तम.

वाग कधीही हाताला गुंडाळू नका. हे मी कुठे शिकले ते वर आलंच आहे.

## ७. वाटेवर

पहिली खेप वीस मिनिटांची. सगळी चालीनंच, म्हणजे ताशी सहा-सात किलोमीटर. दुडकी नंतर कधीतरी.

गाड्या. रस्त्याच्या डाव्या बाजूनं चला. मागून गाडी आली की मान वळवून चालकाच्या डोळ्यांत बघा, तळहात खाली करून हळू म्हणून खूण करा, आणि गेल्यावर हात उंच करून आभार माना. नव्वद टक्के लोक वेग कमी करतात. उरलेले हॉर्न वाजवतात, आणि त्यातले निम्मे व्हिडिओ काढायला. त्यांच्याशी भांडायला घोड्यावरून उतरू नका.

फडफडणारं काहीही. गोणी, फ्लेक्स, वाळत घातलेल्या साड्या. समजा वस्तू डावीकडे आहे आणि उजवीकडून गाड्या जातायत. नवशिका घोड्याचं तोंड वस्तूकडे वळवतो, “बघ, काही नाही” म्हणत. मग घोड्याचं मागचं अंग रस्त्याच्या मध्ये जातं. उलट करा. मान किंचित उजवीकडे, उजवा पाय पोटाशी, आणि नजर पुढच्या खांबावर. मागचं अंग वस्तूच्या बाजूला राहतं आणि तो तिरपा का होईना, पुढे सरकतो. रस्ता रिकामा असेल तर मात्र थांबा, बघू द्या, वास घेऊ द्या.

कुत्री. पळू नका. थांबा, घोड्याचं तोंड कुत्र्याकडे करा, जाड आवाजात “हाड्” म्हणा. समोरून येणाऱ्या घोड्यासमोर बहुतेक कुत्री माघार घेतात. पाठ फिरवून पळणाऱ्या घोड्यामागे मात्र सगळी गल्ली लागते.

उसाचे ट्रॅक्टर. हंगामात, दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, मागे दोन ट्रॉल्या, बाहेर आलेली उसाची वाढी आणि छाती हादरवणारी गाणी. अरुंद रस्त्यावर ह्याच्याशी सामना करायचाच नाही. लांबून आवाज आला की पहिल्या शेताच्या वाटेनं आत वळा, तोंड ट्रॅक्टरकडे करून उभे राहा, तो गेल्यावर मिनिटभर थांबा. दुसरी ट्रॉली असते हे विसरून मी एकदा लवकर बाहेर आले होते.

कठडा नसलेला पूल, मोऱ्या, अडसर लावलेली फट. उतरा. उतरण्यात कमीपणा नाही. रिकिबी वर सरकवून अडकवा, नाहीतर त्या लोंबत राहून कशाततरी अडकतात. रस्त्यावर हातानं घोडा नेताना आपण गाड्यांच्या आणि घोड्याच्या मधे चालायचं. डाव्या कडेनं चाललात तर घोडा डावीकडे आणि तुम्ही त्याच्या उजव्या खांद्याशी. आपल्याला शिकवतात फक्त डावीकडून धरायला, म्हणून उजवीकडून नेण्याचा सरावही रिंगणात करून ठेवा. फटीतून जाताना तुमच्या गुडघ्यांचं माप लक्षात घ्या. घोडा स्वतःच्या पोटापुरतं माप घेतो, तुमचे गुडघे त्याच्या हिशेबात नसतात.

पाणी. कालव्याच्या पाझराचं घोटाभर पाणी आडवं आलं तर तळ पायी आधी पाहिलेलाच असेल. वाग ढिली सोडा, मान खाली घालू द्या, पण झोपू देऊ नका. पुढच्या पायानं पाणी उडवायला लागला की तीन-चार सेकंदांत तो गुडघे दुमडतो. मला वाटलं खेळतेय. चंद्री खोगिरासकट आरामात बसली आणि लोळायला निघाली. मी कशीबशी बाजूला झाले, कमरेपर्यंत चिखल. धुणं धुणाऱ्या बायका इतक्या हसल्या, की शेवटी मीही हसले. पाय आपटायला लागला की टाच द्या आणि पुढे चला.

स्पीडब्रेकर आणि चढ. स्पीडब्रेकर तो स्वतःच ओलांडतो, त्यात काही नाही. चढावर अंग किंचित पुढे घ्या, आयाळ धरली तरी चालेल. उतारावर घाईनं मागे रेलू नका, सरळ बसा.

## ८. बुजला, उधळला, पडलात तर

बुजणं म्हणजे एक दचका, बाजूला उडी. तुम्ही खोल श्वास घेऊन मांड पक्की ठेवा, एका हातानं आयाळ धरा. ओरडू नका. “ए ए ए” हा आपला आवाज त्याला, धोका खरा आहे, असं सांगतो.

उधळणं वेगळं. दोन्ही वागा एकदम खेचल्या तर तो त्यांच्यावर भार देऊन अजून पळतो. एक वाग आयाळीजवळ पक्की धरा आणि दुसरी ओढा-सोडा, ओढा-सोडा करत मोठं वर्तुळ घ्या, मग ते लहान करत आणा. एका झटक्यात मान वळवू नका. त्या वेगात, आणि त्यात डांबर किंवा पेव्हर असेल तर, दोघंही आडवे व्हाल. जागा नसेल तर सरळ जाऊ द्या, तोल सांभाळा, तो दमेपर्यंत बोलत राहा.

पडलात तर वाग सोडून द्या. घोडा बहुधा तबेल्याकडेच जातो. आधी तबेल्यात फोन करा, म्हणजे ते रस्त्यावर माणूस पाठवतील. डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी परत बसायचं नाही. “पडल्यावर लगेच बसावं, नाहीतर भीती बसते” हा सल्ला ज्यांनी दिला ते डॉक्टर नव्हते.

## ९. परतल्यावर

शेवटचा किलोमीटर चालीनं, तंग एक भोक ढिला करून, शक्य तर उतरून पायी. घरचा रस्ता धावत आलात तर तो पुढच्या प्रत्येक वेळी तिथून धावेल. पायांवर पाणी मारा, घाम पुसा, खुरांत काच-खिळा शिरलाय का ते पुन्हा बघा. खिळा आत घुसलेला दिसला तर स्वतः उपटू नका, डॉक्टरांना तो कुठे आणि किती खोल गेलाय ते पाहायचं असतं. गवत चालेल, चंदी मात्र तासाभरानं.

विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. अर्ध्या तासानंतरही नाडी खाली येत नसेल, तो वळून पोटाकडे बघत असेल, जमीन खरवडत असेल, लीद टाकत नसेल, तर तो पोटशूळ असू शकतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटातलं बाहेर यायला दुसरी वाट नसते. ओवा, हिंग, तेल यांचे प्रयोग न करता डॉक्टरांना बोलवा.

मग वही. तारीख, वेळ, कुठे आणि कशाला बुजला, तुम्ही काय केलंत. माझ्या वहीत पहिल्या पानावर “पांढरी गोणी, तिसरा खांब” असं आहे आणि चौदाव्या पानावर “गोणी अजून तिथेच. कान सुद्धा हलवला नाही. पण शेजारी नवीन निळा ड्रम ठेवलाय.” निळा ड्रम आम्ही त्या आठवड्यात रिंगणात आणून ठेवला.